राज्य कोणावर?

मराठी मुलांच्या खेळांत जो पकडला गेला, ज्याचे डोळे बांधले किंवा ज्याला इतरांच्या मागें धांवावें लागलें, त्याच्यावर ‘राज्य’ आलें असें म्हणण्याची रीत आहे. शब्द मोठा चमत्कारिक आहे. मोठ्यांच्या व्यवहारांत राज्य म्हणजे सत्ता. मुलांच्या खेळांत राज्य म्हणजे ओझें. तें कोणालाच नको असतें, पण आलें म्हणजे ज्याचें त्याला घ्यावें लागतें, आणि दुसऱ्याला पकडीपर्यंत निमूटपणें वाहावें लागतें. हा शब्द कोणत्याही शाळेनें शिकविलेला नाहीं. दहा वर्षांच्या मुलानें सहा वर्षांच्या मुलाला तो सांगितला, त्या सहा वर्षांच्या मुलानें मोठें झाल्यावर आणखी धाकट्याला सांगितला, आणि असा तो आजपर्यंत आला.

हातांतल्या लहानशा पडद्यावर खेळणाऱ्या मुलाला या शब्दाची गरज पडत नाहीं. तेथें राज्य कोणावर, हें यंत्र ठरवितें. म्हणून आजच्या घराघरांत जो प्रश्न विचारला जातो, कीं मुलांच्या हातीं मोबाइल द्यावा कीं न द्यावा, त्याच्या मागें एक जुना प्रश्न उभा आहे : खेळाचे नियम कोणीं करावे? मुलांच्या खेळण्यांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडांत पाहिला, तर काय नवें आहे आणि काय जुनेंच आहे हें स्पष्ट दिसूं लागतें. असा इतिहास पहाण्यास इगतपुरी हें ठिकाण सोयीचें आहे.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, थळ घाट जेथें संपतो तेथें हें गांव वसलेलें आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्यास थांबते, तिला मागून जादा इंजिनें लागतात, आणि सदतीस फुटांस एक फूट अशा बिकट चढानें ती वर येते. हा घाटांतील लोहमार्ग १८६५ सालच्या आरंभीं वाहतुकीस खुला झाला, आणि भात, नागली व पाऊस यांच्याभोंवतीं फिरणारें हें डोंगरी खेडें रेल्वेचें गांव बनलें. १९३० पर्यंत घाटांत विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. १९७६ सालीं गांवालगतच्या टेकडीवर धम्मगिरी हें विपश्यनेचें केंद्र सुरू झालें. तेथें येणारा साधक दहा दिवसांच्या शिबिरांत मौन पाळतो, आणि मोबाइल फोन आरंभींच केंद्राच्या स्वाधीन करतो. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि डोंगराच्या पोटांतील जवळजवळ आठ किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्यांतून मोटारी कांहीं मिनिटांत घाट ओलांडूं लागल्या. नवीं यंत्रें घाट चढून आधीं येथें येतात, आणि यंत्रांस कंटाळलेलीं माणसेंही विसाव्यास येथेंच येतात.

परंतु यंत्रांच्या पुष्कळ आधीं खेळणें होतें. त्याचा इतिहास मातीपासून सुरू होतो. मोहेंजोदारो व हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या चाकांच्या लहान गाड्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या आणि फांसे सांपडले आहेत. महाराष्ट्रांतही ही परंपरा अर्वाचीन नाहीं. इगतपुरीच्या दक्षिणेस रतनगडाच्या डोंगरांत प्रवरा नदी उगम पावते. तिच्या कांठीं, अहिल्यानगर म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, दायमाबाद नांवाचें ठिकाण आहे. तेथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणीत असतां चार काशाच्या वस्तु हातीं लागल्या : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचें एकंदर वजन साठ किलोहून अधिक आहे, आणि वय सुमारें चार हजार वर्षें मानलें जातें. एवढ्या जड वस्तु मुलांच्या हातीं देण्यासाठीं घडविल्या नसाव्यात; त्या मिरवणुकीच्या असाव्यात असेंच बहुतेक अभ्यासकांस वाटतें. तथापि जनावराला चाकें लावून तें ओढण्याची जी कल्पना तेथें दिसते, ती आज मुलांनींच संभाळली आहे. विदर्भांत तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं मुलें चाकांचा लाकडी बैल दोरीनें ओढीत घरोघर नेतात. मोठ्यांनीं टाकून दिलेल्या वस्तु मुलांच्या खेळांत पुष्कळ काळ जिवंत रहातात, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

शेजारच्या मुलाचें खेळणें पाहून हट्ट धरणें, हेंही आजचें नाहीं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला ज्या प्रसंगावरून नांव मिळालें, तो प्रसंग हाच आहे. चारुदत्ताच्या मुलानें, रोहसेनानें, शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेली असते. घरीं दारिद्र्य आलेलें, म्हणून दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते; मुलगा ती घेण्यास तयार होत नाहीं, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरते. आज एखाद्या घरांत ‘त्याच्याकडे आहे, मग मला कां नाहीं’ असा प्रश्न निघाला, तर आईबापांनीं काळाला दोष देण्याचें कारण नाहीं. प्रश्न दीड हजार वर्षांपूर्वींच रंगभूमीवर येऊन गेला आहे.

तरीही एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. विकत घेतलेलें खेळणें हा मुलांच्या खेळाचा लहानसा भाग होता. बाकीचा सगळा खेळ अंगणांत, ओढ्याकांठीं व झाडाखालीं पैशावांचून चाले, आणि ऋतु त्याचें वेळापत्रक ठरवीत. इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अशा गांवीं आषाढ-श्रावणांत कागदाच्या होड्या, ओल्या जमिनींत लोखंडी सळई रोवीत पुढें जाण्याचा खेळ, आणि बाहेर पडतांच येईना तेव्हां घरांत काचापाणी, सागरगोटे, चिंचोके हेंच साधन. सागरगोटे म्हणजे एका कांटेरी वेलीच्या करड्या, गुळगुळीत बिया. त्यांस मोल नाहीं, पण त्यांवर हात बसण्यास महिने लागतात. श्रावणांत मुलींच्या फुगड्या व झिम्मा, पोळ्याला मातीचे बैल, दिवाळींत मातीचा किल्ला. ज्या तालुक्यांत त्रिंगलवाडी, कावनई, अलंग, कुलंग असे किल्ले डोळ्यांसमोर उभे आहेत, तेथील मुलाला किल्ल्याचा नकाशा चित्रांत शोधावा लागत नाहीं. थंडींत विटीदांडू, गोट्या, भोंवरा. संक्रांतीस पतंग, आणि पतंगाचें वेड पहावयाचें तर याच जिल्ह्यांतील येवल्यास जावें. उन्हाळ्यांत सूरपारंब्या आणि सावलींत मांडलेला पट. एक खेळ संपून दुसरा केव्हां सुरू होतो, हें कोणी जाहीर करीत नसे. एके दिवशीं गोट्या खिशांतून नाहींशा होत आणि भोंवरे दिसूं लागत.

या खेळांचें वय किती, याचा पुरावा मराठी वाङ्मयांत आहे. सोळाव्या शतकांत एकनाथांनीं आणि सतराव्या शतकांत तुकारामांनीं फुगडी, हमामा, हुंबरी, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू अशा खेळांवर रूपकें रचलीं. संतांनीं परमार्थ सांगण्यासाठीं जे दाखले घेतले, ते श्रोत्यांच्या अंगवळणीं पडलेले होते म्हणूनच घेतले. पुढें मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशांत, ज्याची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व दुसरी १८५७ सालीं निघाली, आंधळी कोशिंबीर व विटीदांडू यांसारखे शब्द नोंदले गेले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें १९३२ ते १९३८ या वर्षांत खेळांच्या परिभाषेसाठीं ‘मराठी खेळांचें पुस्तक’ या ग्रंथाचा वारंवार आधार घेतला आहे. विद्वानांनीं या शब्दांस मान दिला, याचें कारण ते शब्द भाषेच्या खालच्या, जुन्या थरांतले होते.

किती जुन्या, तें विटीदांडूच्या मोजणीवरून कळेल. विटी मारण्याचे प्रकार मोजतांना मुलें एक, दोन, तीन म्हणत नसत. वकट, लेंड, मूंड, नाल असें म्हणत. पुढचे शब्द गांवोगांवीं बदलत, पण आरंभ हाच. तेलुगु भाषेंत एक ते चार या संख्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु अशा आहेत. साम्य उघड आहे. मराठी मुलूख आणि तेलुगु-कानडी मुलूख यांचा जो शतकानुशतकांचा शेजार, त्याची ही खूण बाजारांतून पुसली गेली, दफ्तरांतून पुसली गेली, आणि मुलांच्या तोंडीं राहिली. ज्या मुलाला तेलुगु नांवाची भाषा आहे हेंही ठाऊक नव्हतें, तो इगतपुरीच्या अंगणांत दांडू टेकवून तेलुगु आंकडे मोजीत होता.

हें कसें घडलें? खेळाची पिढी माणसाच्या पिढीहून फार लहान असते, हें त्याचें उत्तर आहे. मूल पांचव्या-सहाव्या वर्षीं अंगणांतल्या टोळींत शिरतें आणि बाराव्या-तेराव्या वर्षीं बाहेर पडतें. त्या सात-आठ वर्षांत तें प्रथम शिकतें आणि मग शिकवितें. आईबाप यांत कोठेंच येत नाहींत. आजोबांनाही वाटे कीं आपले खेळ आपल्याबरोबर संपले, आणि नातू तेच खेळ त्याच शब्दांनीं खेळत असे. एका शतकांत अशा बारा-पंधरा पिढ्या होतात. एकनाथांपासून आजपर्यंत ही साखळी पन्नासांहून अधिक कड्यांची झाली, आणि तिचें एकही कडें कोणा मोठ्या माणसानें घडविलेलें नाहीं.

या मुलांच्या टोळीचें एक न्यायशास्त्रही होतें. प्रथम हातावर हात टाकून चकावयाचें आणि एकेकानें सुटावयाचें, म्हणजे राज्य कोणावर तें नशीब ठरवील, दांडगाई ठरविणार नाहीं. मग भिडू वांटून घ्यावयाचे, आणि दोन्ही बाजू तुल्य होतील असें पहावयाचें, कारण एकतर्फी डावांत कोणालाच गोडी नसते. हरल्यावर जो नियमच नाकारतो त्याच्यासाठीं ‘रडीचा डाव’ हा शब्द होता. तो इतका नेमका ठरला कीं मोठ्यांनीं राजकारणांतही उचलला. मध्येंच दम लागला, बुटाचा बंद सुटला, तर हात वर करून ‘टाइम प्लीज’ म्हणावें आणि सगळ्यांनीं तें मानावें. परंतु या सर्वांत सुंदर सोय म्हणजे लिंबूटिंबू. कोणाची तरी धाकटी बहीण खेळावयास आलेली असते. तिला धांवतां येत नाहीं, नियम कळत नाहींत, आणि तिला परत पाठविलें तर ती रडेल. तेव्हां तिला लिंबूटिंबू ठरवितात : ती खेळेल, पण तिच्यावर राज्य येणार नाहीं. दुर्बळाला खेळाबाहेर न काढतां आणि खेळही न बिघडवितां सामावून कसें घ्यावें, हें ज्या मुलांनीं शोधून काढलें, त्यांस नागरिकशास्त्राचा वेगळा पाठ देण्याची गरज नव्हती.

मुलांच्या या जगांत यंत्र प्रथम आलें तें आगगाडीच्या रूपानें. मोठ्यांनीं तिला भय व कौतुक यांच्या मिश्रणानें पाहिलें. मुलांनीं तिचा खेळ केला. एकामागें एक उभें राहून पुढच्याचा सदरा धरावयाचा, पुढच्यानें इंजिनाचा आवाज काढावयाचा, आणि झाली गाडी. काडेपेट्यांचे डबे दोऱ्यांत ओंवले कीं दुसरी गाडी. इगतपुरीच्या मुलांना तर नमुना रोज दाराशीं दिसे. चढावर गाडीला मागून जोर लागतो हेंही त्यांस ठाऊक होतें. टेलिफोन आला, तेव्हां दोन रिकाम्या काडेपेट्या व मधें ताणलेला दोरा यांनीं मुलांनीं आपला टेलिफोन उभारला. त्याच काळांत आगबोटींतून जर्मनीचीं व जपानचीं पत्र्याचीं, किल्लीचीं खेळणीं मुंबईच्या बाजारांत येत आणि सुखवस्तु घरांच्या कपाटांत बसत. त्यांचें कौतुक चार दिवस टिके. किल्ली संपली कीं खेळणेंही संपे. काडेपेटीची गाडी मात्र मोडली तरी पुन्हां करतां येई. मोठ्यांचें यंत्र पहावयाचें, त्याची नक्कल करावयाची आणि नक्कल करतां करतां तें आपलें करून टाकावयाचें, असा मुलांचा यंत्राशीं पहिला व्यवहार होता.

नियमांवरील मुलांचा हक्क प्रथम कमी झाला तो यंत्रामुळें झाला नाहीं; तो मोठ्या माणसांच्या सद्धेतूनें झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं देशी खेळांस प्रतिष्ठा मिळावी, क्रिकेटच्या तोडीचे त्यांचे सामने व्हावे, अशी इच्छा महाराष्ट्रांत उत्पन्न झाली. १९१४ सालीं पुण्यांत खोखोचे नियम बांधले गेले. १९१८ ते १९२३ या काळांत हुतुतूचे नियम ठरत गेले, आणि १९२३ सालीं बडोद्यास त्या नियमांनुसार सामने झाले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पुढें हुतुतू हें नांव मागें पडून कबड्डी हें नांव रूढ झालें. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस स्थान मिळालें, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस भरलेल्या पहिल्या खोखो विश्वचषकांत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनीं विजय मिळविला. हा लाभ लहान नाहीं. जो खेळ गल्लींतच विरून गेला असता, तो जगापुढें गेला. तथापि मैदान आंखलें, पंच आला, घड्याळ आलें, आणि लिंबूटिंबूला त्या मैदानावर जागा उरली नाहीं.

याच काळांत शिक्षणाच्या क्षेत्रांत उलट दिशेनें एक प्रयत्न चालला होता, त्याचा विसर पडूं नये. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि पुढें १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीचीं महाग साधनें आदिवासी पाड्यांस परवडणारीं नव्हतीं. म्हणून त्यांनीं शंख-शिंपले, पानें, बिया, काड्या व माती यांचीं साधनें केलीं. थोडक्यांत, जें अंगणांत होतेंच, त्याला शाळेंत मान दिला. अलीकडच्या काळांत पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांतून अरविंद गुप्ता यांनीं काडेपेट्या, सायकलच्या नळ्या, जुनीं वर्तमानपत्रें यांपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आणि हीं खेळणीं कशीं करावीं हें देशभरच्या मुलांनीं पाहिलें तें बव्हंशीं इंटरनेटवरच. पडदा हा स्वभावतः खेळाचा वैरी नाहीं, हें येथें मान्य केलें पाहिजे.

पडदा घरांत आला तो टप्प्याटप्प्यानें. मुंबईचें नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्यें सुरू झालें. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. दोहोंच्या वेळीं मुलें बिघडतील अशी भीति व्यक्त झाली होती. परंतु रेडिओ ऐकतां ऐकतां हात मोकळे रहात, आणि दूरदर्शनचा कार्यक्रम ठराविक वेळीं संपे व मुलें पुन्हां बाहेर पडत. २०१६ सालच्या अखेरीस मोबाइलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि न संपणारा कार्यक्रम प्रत्येकाच्या खिशांत आला. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें शाळा बंद झाल्या. ज्या वस्तूपासून मुलांस दूर ठेवावयाचें, तीच वस्तु त्यांच्या हातीं देऊन ‘हीच आतां तुझी शाळा’ असें सांगावें लागलें. अंगणें ओस पडलीं, तीं पुष्कळ ठिकाणीं पुन्हां पहिल्यासारखीं भरलीं नाहींत.

जागतिक आरोग्य संघटनेनें एप्रिल २०१९ मध्यें सांगितलें, कीं दोन वर्षांच्या आंतील मुलास पडदा दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं एका तासाहून अधिक दाखवूं नये. डोळे, झोंप व हालचाल यांच्या दृष्टीनें हा सल्ला योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें, तर मोबाइलवरील खेळांत जी खरी नवी गोष्ट आहे, ती तासांच्या हिशेबांत सांपडत नाहीं. त्या खेळाचे नियम दूर कोठें तरी बसलेल्या माणसांनीं आधींच लिहून कुलूपबंद केलेले असतात. मुलाला ते मोडतां येत नाहींत, आणि वाद घालून बदलतांही येत नाहींत. यंत्राशीं भांडतां येत नाहीं. म्हणून भांडण मिटवावेंही लागत नाहीं. तेथें रडीचा डाव संभवत नाहीं, आणि लिंबूटिंबूही संभवत नाहीं. शिवाय अंगणांतला खेळ दिवेलागणीला आईच्या हांकेनें संपत असे. पडद्यावरचे पुष्कळ खेळ मुळांत अशा हिशेबानें रचलेले असतात, कीं मुलानें उठूं नये. कारण तें जितका वेळ बसेल तितका रचणाऱ्याचा लाभ. आजवरच्या कोणत्याही खेळण्याला, रोहसेनाच्या सोन्याच्या गाडीलाही, मूल खिळून रहावें यांत स्वतःचा स्वार्थ नव्हता.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विचार न्याय्य होणार नाहीं. परदेशीं गेलेल्या नातवाला आजी रोज दिसते ती याच पडद्यावर. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला सवंगडी मिळतो तोही येथेंच. आजचे बुद्धिबळपटू संगणकाशीं झुंजून व संगणकावर अभ्यास करूनच तयार होतात. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होते, आणि नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकला. माइनक्राफ्टसारख्या खेळांत मुलें आपलीं घरें, गांवें आणि कित्येकदां आपले नियमही रचतात. तेव्हां जेथें मुलाच्या हातीं कांहीं घडविण्याची सत्ता उरते, तेथें पडदाही अंगणाचें थोडें काम करूं शकतो. अडचण आहे ती जेथें मूल केवळ बोट फिरवितें आणि पुढें काय यावें तें दुसरा ठरवितो, तेथें.

अंगण ओस पडण्याचा सगळा दोष मोबाइलवर टाकणेंही सोयीचें असलें तरी खरें नाहीं. अंगणाच्या जागीं मोटारींचा तळ आला, तो मुलांनीं आणला नाहीं. रस्त्यावरून वाहनें इतक्या वेगानें जाऊं लागलीं, कीं आई मुलाला दाराबाहेर सोडण्यास भिते. घरांत एकच मूल, तेव्हां टोळी जमावी कशी? शाळा सुटली कीं शिकवणी, शिकवणी सुटली कीं दुसरा वर्ग, खेळासाठींही वर्गच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारांत विश्रांति व खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे, आणि भारतानें १९९२ मध्यें तो करार मान्य केला. पण दिवसाच्या वेळापत्रकांत या हक्काला जागा देणें हें काम घराचें आहे. आणि शेवटीं, ज्या घरांत वडील, आई व काका जेवतांनाही पडद्यावरून दृष्टि काढीत नाहींत, त्या घरांत मुलाला केलेला उपदेश किती पचेल हें सांगावयास नको. लहान मूल मोठ्यांच्या यंत्राची नक्कल करतें, हा नियम आगगाडीच्या काळापासून चालत आला आहे. सुशिक्षित, कर्तीं माणसें दहा दिवस फोनपासून सुटका मिळावी म्हणून इगतपुरीची टेकडी चढतात, यावरून ती संवय मोडणें मोठ्यांसही किती अवघड आहे तें दिसतें. मग सात वर्षांच्या मुलाकडून तें एकट्यानें व्हावें ही अपेक्षा रास्त नव्हे.

मग धोका नेमका कशाला आहे? खेळण्यांस नाहीं, तीं दुकानांत पूर्वींपेक्षां अधिक आहेत. कबड्डी-खोखोसही नाहीं, त्यांस संघ, मैदानें व विश्वचषक आहेत. धोका आहे तो त्या पन्नास कड्यांच्या साखळीला. ती लिहून ठेवलेली नव्हती, तिला आश्रयदाता नव्हता, तिचा एकच आधार होता : दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांचें मूल रोज भेटत होतें. खेळाची पिढी सात-आठ वर्षांची असल्यामुळें ही परंपरा वेगानें पसरली. पण त्याच कारणानें ती वेगानें तुटूंही शकते. एक टोळी एकत्र न खेळतांच मोठी झाली, तर धाकट्यांस शिकविणारा कोणी उरत नाहीं. राजवटी बदलल्या, दुष्काळ पडले, भाषेचीं वळणें फिरलीं, आणि ‘वकट, लेंड’ टिकलें. सात-आठ वर्षांच्या शांततेंत मात्र तें नाहींसें होऊं शकतें, आणि नाहींसें झालें हें कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं.

येथें आजच्या आजी-आजोबांवर एक असें काम येऊन पडलें आहे, कीं जें त्यांच्या आजी-आजोबांस कधीं करावें लागलें नाहीं. विटीदांडूची मोजणी, सागरगोट्यांचे डाव, चकण्याची रीत, लिंबूटिंबूचा कायदा, हें सर्व जाणणारीं माणसें आज बहुतेक साठीच्या पुढें-मागें आहेत. साखळींतलें गळालेलें कडें म्हणून त्यांनींच मधें उभें राहिलें पाहिजे. त्यासाठीं संस्था काढावी लागत नाहीं. सुटींत चार बिऱ्हाडांचीं मुलें एकत्र येतील एवढी जागा मोटारींपासून मोकळी ठेवावी. एक फांदी तासून विटी व दांडू करावा, आणि तासतांना मुलांस जवळ बसवावें. मोजणीचे शब्द एकदां स्पष्ट म्हणून दाखवावे. पहिल्या डावांत स्वतःवर राज्य घ्यावें, कारण तें घेण्यांत कमीपणा नाहीं हें मुलांस पाहूनच कळतें. त्या वेळीं आपला फोन घरांत ठेवावा. मग अंगणाच्या कडेला येऊन बसावें, आणि विटी रेषेच्या आंत पडली कीं बाहेर, यावरून पहिलें भांडण सुरू झालें म्हणजे मधें पडूं नये. तें भांडण मुलांनीं आपसांत मिटविलें, म्हणजे साखळीचें पुढचें कडें जुळलें असें समजावें.